बंदूक एकाची, हात दुसऱ्याचा

गुन्ह्यावरील पुस्तके वकिलाने परीक्षणासाठी हाती घेऊ नयेत, असे आमच्या बाररूममध्ये एक जुने मत आहे. वकील रसास्वाद घेण्याऐवजी उलटतपासणी करू लागतो, हा त्यामागील आक्षेप. आक्षेप खरा आहे. आणि प्रस्तुत लेखात मी तेच करणार आहे, हे वाचकांना आरंभीच सांगितलेले बरे.

पुस्तक आहे ट्रूमन कपोटी या अमेरिकन लेखकाचे ‘इन कोल्ड ब्लड’. १९६५ साली ते ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकातून चार भागांत आले व १९६६ च्या आरंभी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. एका सत्य घटनेला कादंबरीचा घाट देणारा हा ग्रंथ जगभर वाचला गेला. त्याच्या शैलीची थोरवी मला मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. दोन आरोपी असलेल्या खटल्याची कथा सांगताना लेखकाने एकाचेच वकीलपत्र घेतले, आणि ते त्या आरोपीचे, ज्याने बंदूक चालविली. ज्याने घरफोडीची योजना आखली तो दुसरा आरोपी शेवटपर्यंत वकिलावाचून उभा राहिला. योजना आखणाऱ्याला मारणाऱ्याइतकीच शिक्षा असावी की नसावी, हा या खटल्यातील खरा प्रश्न. तो ना न्यायालयाने सोडविला, ना साहित्याने.

घटना थोडक्यात अशी. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात होलकम नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील हर्बर्ट क्लटर हे सधन शेतकरी, त्यांची पत्नी, सोळा वर्षांची मुलगी आणि पंधरा वर्षांचा मुलगा, असे चौघेजण १४ नोव्हेंबर १९५९ च्या रात्री, उजाडण्यापूर्वी, स्वतःच्या घरात बांधलेल्या स्थितीत मारले गेले. चौघांनाही जवळून गोळी घातलेली. क्लटर यांचा गळाही चिरलेला. चोरांच्या हाती काय लागले? चाळीस-पन्नास डॉलर, एक रेडिओ आणि एक दुर्बीण. ज्या तिजोरीसाठी ते चारशे मैलांहून अधिक अंतर मोटार हाकीत आले, ती तिजोरी त्या घरात नव्हतीच. क्लटर आपले सगळे व्यवहार चेकने करीत, आणि ही गोष्ट आसपासच्या मुलखात सर्वांना ठाऊक होती.

या गुन्ह्याच्या मुळाशी तीन माणसे आहेत. पहिला फ्लॉइड वेल्स. तो काही वर्षांपूर्वी क्लटर यांच्या शेतावर कामाला होता. पुढे लॅन्सिंगच्या तुरुंगात तो रिचर्ड हिकॉक याचा कोठडीतील सोबती झाला, आणि वेळ घालविण्याच्या गप्पांत त्याने आपल्या जुन्या मालकाच्या श्रीमंतीची, घराच्या रचनेची आणि एका तिजोरीची हकीकत सांगितली. दुसरा हा हिकॉक. त्याने ती हकीकत पुन्हा पुन्हा विचारून घेतली आणि तिच्यावर घरफोडीचा बेत उभारला. तिसरा पेरी स्मिथ. त्यालाही हिकॉक तुरुंगातच भेटला होता, आणि सुटल्यावर पत्राने बोलावून घेऊन त्याने त्याला बेतात ओढले.

वेल्सचे काय झाले? त्याने खुनाची बातमी तुरुंगात रेडिओवर ऐकली, काही दिवस घुटमळला, आणि अखेर अधिकाऱ्यांना हिकॉकचे नाव सांगितले. त्याच्या जबानीवरच तपासाची दिशा ठरली. एका वृत्तपत्राने जाहीर केलेले हजार डॉलरचे बक्षीस त्याला मिळाले, पुढे पॅरोलही मिळाला. घराचा नकाशा ज्याच्या तोंडून बाहेर पडला तो सुटला, हे सामान्य वाचकाला खटकते. कायद्याला खटकत नाही. नुसती माहिती दिल्याने कोणी गुन्ह्याचा भागीदार होत नाही. ती कोणत्या हेतूने दिली हे पाहावे लागते.

हे वाक्य लिहिताना मला माझ्याच वकिलीच्या आरंभीचा एक खटला आठवतो. गोव्यातील एका गावी, घराला रंग लावण्याच्या कामावर गेलेल्या एका पोराने आपल्या मित्रांना सांगितले होते की कपाटाची किल्ली देवघरात, समईमागे असते. मित्रांनी रात्री घर फोडले. घरात एकटी वृद्धा होती. ती जागी झाली, आणि तिला इतके मारले की तिचा हात पुढे कधीच सरळ झाला नाही. माझा अशील त्या रात्री तेथे नव्हता. त्याची आई माझ्या ऑफिसच्या पायरीवर बसून एकच वाक्य म्हणत राही, “वकीलबाब, त्या राती म्हजो पूत घराच आशिल्लो.” मी तेच वाक्य कायद्याच्या भाषेत न्यायाधीशांपुढे मांडले. न्यायाधीशांनी मला मध्येच थांबवून विचारले, “घरात म्हातारी एकटी असते, हेही त्याने मित्रांना सांगितले होते का?” सांगितले होते. किल्लीची माहिती चोरीसाठी पुरेशी होती. म्हातारीची माहिती आणखी कशासाठी तरी होती. त्याला शिक्षा झाली, इतरांहून कमी, परंतु मी मागितलेल्या शिक्षेहून पुष्कळच जास्त. तेव्हा मला तो निकाल कठोर वाटला होता. आज वाटत नाही.

तोच प्रश्न हिकॉकला लावून पाहा. मोटार हिकॉकची. बंदूक हिकॉकची. सुराही हिकॉकचा. घराची माहिती त्यानेच मिळविलेली. वेल्सने न्यायालयात शपथेवर सांगितले की घरच्यांना बांधून, लुटून, साक्षीदार मागे ठेवायचे नाहीत, हा बेत हिकॉकने तुरुंगातच बोलून दाखविला होता. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की स्मिथची निवड त्याने का केली, याचे उत्तर स्वतः कपोटी यांनीच देऊन ठेवले आहे. स्मिथने एकदा त्याच्यापुढे फुशारकी मारली होती की लास वेगासमध्ये आपण एका माणसाला सहज, कारणावाचून ठार केले. ती गोष्ट खोटी होती. परंतु हिकॉकने ती खरी मानली आणि हा माणूस आपल्या कामाचा आहे असे ठरविले. चोरीसाठी कुलपे उघडणारा सोबती लागतो. हिकॉकने शोधला तो न कचरता मारणारा. बंदूक निवडावी तसा त्याने माणूस निवडला.

इतका पुरावा स्वतःच गोळा करून कपोटी त्याचे काय करतात? पुस्तकाची रचना पाहा. पहिल्या भागात मोटार क्लटर यांच्या फाटकापर्यंत येते आणि लेखक तेथेच पडदा टाकतो. त्या घरात काय झाले, हे वाचकाला कळते ते तिसऱ्या भागात, अटकेनंतर, मोटारीतून कॅन्ससला परत नेले जात असताना स्मिथने दिलेल्या कबुलीजबाबात. म्हणजे गुन्ह्याचा सारा वृत्तांत आपण मारणाऱ्याच्या तोंडून, त्याच्या करुण आणि काहीशा काव्यमय शब्दांत ऐकतो. क्लटर यांना थंडी बाधू नये म्हणून त्याने जमिनीवर गादीचे खोके अंथरले. मुलाच्या डोक्याखाली उशी दिली. मुलीविषयी हिकॉकच्या मनात आलेले पाप त्याने अडविले. हे तपशील बहुधा खरे असतील. परंतु ज्याने ते सांगितले त्याला ते सांगण्यात स्वार्थ होता, हे लेखक आपल्याला एकदाही आठवून देत नाही. वकिलाने असा कबुलीजबाब वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

मानसशास्त्राच्या बाबतीतही तेच. खटल्यात तपासणीसाठी आलेल्या डॉक्टरांना इतकाच प्रश्न विचारता येत होता की कृत्याच्या वेळी आरोपीला बऱ्यावाइटाचा भेद कळत होता काय. हिकॉकबद्दल त्यांचे उत्तर आले, ‘कळत होता.’ स्मिथबद्दल त्यांनी सांगितले की मत देता येत नाही. त्यांना अधिक बोलू दिले असते तर ते काय म्हणाले असते, हे कपोटी दोघांच्याही बाबतीत छापतात. येथपर्यंत ते नि:पक्षपाती आहेत. पण नंतर ते दुसऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञाचे, डॉ. जोसेफ सॅटन यांचे, मत आणून उभे करतात, आणि ते केवळ स्मिथसाठी. आपण काय करीत आहोत याचे भान क्लटर यांच्यावर तुटून पडताना स्मिथला नव्हते. समोर त्याला आपल्या आयुष्यातील जुना कोणी शत्रू दिसत होता, असा त्याचा आशय. अनाथालयात मार खाल्लेला, मद्यपी आईचा मुलगा, सतार हाती यावी तशी गिटार जवळ बाळगणारा स्मिथ या विवेचनाने शोकनायक बनतो. हिकॉकला आईबाप प्रेमळ मिळाले, बुद्धी चांगली मिळाली, आणि म्हणून त्याच्या वाट्याला काही येत नाही. तो केवळ हलका, बडबड्या, चेक वटवून लोकांना फसविणारा असा उरतो.

येथे एक विपरीत गोष्ट घडते. हा खून क्षणिक मनोविकारातून घडला असे एकदा मानले, की त्यामागील योजना वाचकाच्या दृष्टीतून नाहीशी होते. ग्रंथाचे नाव ‘थंड रक्ताने’. आणि थंड डोक्याचा जो एकच मनुष्य त्यात आहे, त्याच्याकडे लेखकाचे लक्ष सर्वांत कमी! समीक्षकांनी त्या शीर्षकाचा अर्थ फाशी देणाऱ्या राज्यसत्तेलाही लावला आहे. लावावा. परंतु तत्पूर्वी तो हिकॉकला लावावयास हवा होता.

आता न्यायालयाकडे वळू. १९६० च्या मार्चमध्ये गार्डन सिटी येथे दोघांचा खटला एकत्रच चालला. ज्यूरीने सुमारे चाळीस मिनिटांत दोघांनाही चारही खुनांबद्दल दोषी ठरवून फाशी सांगितली. बंदूक कोणी चालविली याचा निर्णय झालाच नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. घरफोडी किंवा लुटीसारखा गुन्हा करताना खून झाला, तर त्यात सामील प्रत्येकजण पहिल्या प्रतीच्या खुनाचा गुन्हेगार, असा कॅन्ससचा कायदा होता. हिकॉक म्हणत होता की चौघांनाही स्मिथने मारले. स्मिथने आधी सांगितले की बाप व मुलगा मी मारले, दोन्ही स्त्रिया हिकॉकने. आणि मग हिकॉकच्या आईचा विचार करून आपला जबाब बदलून चारही खून स्वतःच्या माथी घेण्याची तयारी दाखविली. दोन जबाबांपैकी खरा कोणता? १९६१ साली कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, पुढे अपिलांवर अपिले झाली, आणि १४ एप्रिल १९६५ रोजी मध्यरात्रीनंतर आधी हिकॉक व मग स्मिथ फासावर गेला. तोपर्यंतही या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही न्यायालयाने दिले नव्हते.

आपल्याकडील कायदा या बाबतीत काय म्हणतो, हे पाहण्याचा मोह आवरत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत दोन वाटा होत्या. कलम ४६० नेमके याच प्रसंगासाठी होते: रात्री घरफोडी करणाऱ्यांपैकी एकाने खून केला, तर घरफोडीत सामील असलेल्या प्रत्येकाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. जन्मठेपेपर्यंत, फाशी नव्हे. दुसरी वाट कलम ३४ ची. सर्वांचा समान उद्देश सिद्ध झाला तर एकाचे कृत्य ते सर्वांचे कृत्य, आणि मग साथीदारही सरळ खुनाचा गुन्हेगार. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेतही या दोन्ही तरतुदी नव्या क्रमांकांनी राहिल्या आहेत. दुसऱ्या वाटेवरचा प्रसिद्ध दाखला बरेंद्रकुमार घोष यांचा. १९२३ साली कलकत्त्याच्या शंकरीटोला पोस्टात पैसे लुटावयास गेलेल्यांनी पोस्टमास्तरला गोळी घातली. आरोपीचे म्हणणे असे की मी बाहेर अंगणात उभा होतो. १९२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ते ऐकले नाही. नुसते उभे राहून वाट पाहणाराही कामात सामील असतो, हे सांगताना लॉर्ड सम्नर यांनी चक्क मिल्टनचा आधार घेतला. एका आंधळ्या कवीने ईश्वरसेवेविषयी लिहिलेली ओळ फाशीच्या खटल्यात वापरण्याचे हे धारिष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

गोव्याच्या वाचकांना आणखी एक जुना कायदा आठवेल. मुक्तीपूर्वी येथे १८८६ ची पोर्तुगीज दंडसंहिता चालत असे. तिच्यात गुन्ह्याशी संबंधित माणसांचे तीन वर्ग केलेले होते: कर्ता, साथीदार आणि गुन्हा झाल्यावर लपवाछपवी करणारा. साथीदाराची शिक्षा कर्त्याहून कमी. परंतु ज्याच्या चिथावणीशिवाय गुन्हा घडलाच नसता, त्याला त्या संहितेने साथीदारात न बसविता कर्त्यातच बसविले होते. हे वर्गीकरण मला इंग्रजी पद्धतीहून अधिक सूक्ष्म वाटते. त्याच्या मापाने माझा रंगारी पोर साथीदार ठरता आणि हिकॉक कर्ता. आणि तरीही हिकॉकला फाशी झाली नसती. कारण पोर्तुगालने ती शिक्षा साध्या गुन्ह्यांसाठी १८६७ सालीच रद्द केली होती व पुढे वसाहतींतही तोच नियम लावला होता.

या साऱ्या कायद्यांहून जुना एक दाखला आपण सर्वांनी देवळाच्या सभामंडपात पुराणिकांच्या तोंडून ऐकला आहे. सौप्तिक पर्वातील ती रात्र. झोपलेल्या छावणीत शिरून मारणारा अश्वत्थामा. आणि दारावर उभे राहून, पळून बाहेर येणाऱ्यांना कापणारे कृप आणि कृतवर्मा. योजना अश्वत्थाम्याची. कृपाने आधी तिला विरोध केला आणि मग मुकाट्याने मागे चालू लागला. महाभारतकारांनी तिघांना एकच शिक्षा दिलेली नाही. अश्वत्थाम्याचा मणी काढून घेतला आणि तीन हजार वर्षांची वणवण त्याच्या कपाळी लिहिली. कृतवर्म्याचा हिशेब छत्तीस वर्षे थांबला. प्रभासक्षेत्री सात्यकीने झोपलेल्यांना मारल्याचा टोमणा मारला आणि त्याच भांडणात त्याचे शिर उडविले. कृपाचार्य मात्र परीक्षिताचे गुरू झाले! लहानपणी मला हा अन्याय वाटे. आता वाटते की व्यासांनी निदान तीन माणसे तीन म्हणून पाहिली. कृपाला सोडण्यात त्यांचे चुकले असेल. पण चाळीस मिनिटांत तिघांना एका दोरीत बांधण्याची चूक त्यांनी केली नाही.

मी त्या ज्यूरीत असतो तर दोघांनाही खुनाबद्दल दोषी ठरविले असते. दोरी, हातमोजे, बंदूक, निवडलेला सोबती, साक्षीदार न ठेवण्याचा बेत, एवढ्यानंतर हिकॉकचा समान उद्देश नाकारणे शक्य नाही. नैतिक तराजूत तर मी त्याला स्मिथहून जड मानतो. योजनेला वेळ असतो, आणि वेळ म्हणजे परत फिरण्याची संधी. चारशे मैलांच्या त्या रस्त्यावर ती त्याला मैलामैलाला मिळत होती. असे असूनही मी त्याला फाशी दिली नसती. तो कमी दोषी होता म्हणून नव्हे. त्याच्या हाताने कोणी मेले की नाही, हे न ठरविता त्याचा जीव घेतला गेला म्हणून. कारावासाच्या शिक्षेत न ठरलेली गोष्ट पुढे ठरविता येते. फाशीत ती तशीच पुरली जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एनमंड खटल्यात सांगितले की ज्याने मारले नाही, मारण्याचा प्रयत्न केला नाही वा तसा हेतू धरला नाही, त्याला फाशी देता येणार नाही; आणि १९८७ मध्ये टायसन खटल्यात तेच दार थोडे किलकिले करून, मोठा सहभाग व जिवाविषयी बेपर्वाई असल्यास देता येईल, असेही सांगितले. या दुसऱ्या कसोटीवर हिकॉक बहुधा पुन्हा फासावरच गेला असता, हे मला प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु निदान कोणाला तरी त्याच्याविषयी वेगळा विचार करावा लागला असता. आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोषी ठरविल्यानंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे वेगळे म्हणणे ऐकण्याची जी सक्ती केली, तिचे मोल अशा वेळी कळते.

कपोटी यांना ही संधी होती. ते दोघांनाही वर्षानुवर्षे तुरुंगात भेटत होते. ज्यूरीने दोन माणसांना एक मानले. त्यांनी दोघांना वेगळे केले खरे, पण तराजूत एकालाच ठेवले. फाशीच्या वेळचे दोघांचे शब्दही तसेच. पुस्तकात स्मिथ क्षमा मागतो. फिलिप टॉम्प्किन्स यांनी १९६६ मध्येच हजर पत्रकारांच्या हवाल्याने लिहिले की अशी क्षमायाचना ऐकू आली नव्हती. शेवटचा स्मशानभूमीतील हळवा प्रसंग तर घडलेलाच नाही, हे आता सर्वमान्य आहे. तेव्हा वाचकाला आपला पुरावा स्वतःच निवडून काढणे भाग आहे.

त्यासाठी एक पान सुचवितो. एम्पोरिया गावात दोघे दोरी घेण्यासाठी थांबतात. पूर्वी खलाशी असलेला स्मिथ पांढरी नायलॉनची बारीक दोरी पसंत करतो आणि विचारतो, किती हात लागेल? हिकॉक वैतागतो. घरात चार असतील, शनिवार असल्याने पाहुणेही असतील, आठ धरू, बारा धरू. त्यांतला एकही मागे राहता कामा नये, एवढेच नक्की. हा संवाद लेखकाने त्या दोघांच्याच सांगण्यावरून जुळविला आहे, हे ध्यानात ठेवून तो सावकाश वाचावा. त्यात स्मिथची एकच शंका आहे, की इतक्या खात्रीने बोलण्याजोगे हे आहे काय; ती विचारून तो खांदे उडवितो आणि मग आख्खे रीळच घेऊ, असे म्हणतो. रीळ शंभर यार्डांचे होते. बारा माणसांना पुरले असते.